सरळ केलेली हत्यारे मंडळास

मी, कोकिळाबाई बेवा उत्तमराव खर्चे, वय साठीच्या पार, धंदा खरादकाम, राहणार नांदुरा, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. धंद्यापुढे 'घरकाम' लिहावे असे वकील उकंडरावांनी सुचवले होते. घरकाम मी करतेच, पण ते सगळ्याच बायका करतात आणि त्याला कोणी धंदा म्हणत नाही. तेव्हा मी लाकूड खरादावर चढवते, कातते, आतून कोरते, हेच राहू द्यावे.

मी शुद्धीवर आहे. पोटातली गाठ पोट खात आहे, डोके तिने सोडले आहे. पुढची संक्रांत मला दिसणार नाही असे खामगावच्या डॉक्टरांनी सांगितले, तेही मी खोदून विचारले म्हणून. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तशी ती उभ्या जन्मात कोणाला जमली नाही, आणि उत्तमरावांनी प्रयत्नही लवकर सोडला होता.

शुद्धीवर आहे हे इतके ठासून लिहायचे कारण माझे धाकटे दीर इंद्रभान. हे नांदुरा हौशी खराद मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष आहेत. त्यांनी बाजारात, देवळात आणि स्टेशनावरच्या चहाच्या टपरीवर सांगून ठेवले आहे, "वहिनीचं डोकं फिरलं. दिवसभर लाकडासंगं बोलत राह्यते." लाकडाशी मी बोलते हे खरे आहे. ते मध्येच तोंड घालत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

कलम पहिले. स्टेशन रोडवरचे राहते घर आणि त्यामागची बैलबंड्या ठेवायची टिनाची शेड उत्तमरावांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे करून दिली होती. ती दोन्ही मी माझी सून पुष्पा हिला देत आहे. माझा एकुलता मुलगा सहदेव विषमज्वराने गेला, त्याची ती बायको. तिने पुढे दुसरे लग्न केले तरी घर तिचे, नाही केले तरी तिचे, आणि करून मोडले तरीही तिचेच.

लग्नाचे इतके का लिहिले ते सांगते. माझ्या दुखण्याची बातमी कळताच इंद्रभान भाऊजींना पुष्पाचा एकाएकी कळवळा आला. वडनेर भोलजीचा एक बिजवर त्यांनी शोधून काढला. पहिली बायको गेलेली, पदरी दोन लेकरे. माणूस वाईट असेल असे मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेले नाही आणि पुष्पानेही पाहिलेले नाही. पाहिले ते भाऊजींनी, आणि त्यांनी पसंतही केले. पुष्पाचे माहेर वडनेरचेच. तिच्या भावांना ते जाऊन भेटले आणि मला येऊन म्हणाले, "मार्गशीर्षात उरकून टाकू वहिनी. तुमच्या डोयासमोर झालं म्हंजे तुम्हालेही समाधान."

माझ्या समाधानाची या माणसाला चाळीस वर्षांत कधी आठवण झाली नव्हती, म्हणून मी वकिलांना बोलावले. उकंडरावांनी कायदा उलगडून सांगितला. मृत्युपत्र न करता मी डोळे मिटले आणि त्याआधी पुष्पाचे दुसरे लग्न झालेले असले, तर सून म्हणून तिचा हक्क संपतो आणि घर नवऱ्याच्या भावाकडे जाते. नवऱ्याला भाऊ एकच आहे. शेडीत त्याला सरकीचे गोदाम काढायचे आहे. मार्गशीर्षाची घाई मला तेव्हा उमगली.

पुष्पाला मी विचारले, "तुले जायाचं आहे काय वडनेरले?" ती म्हणाली, "आई, मले आजपावतर कोणी इचारलंच नाही. तुम्हीच पह्यल्या." मग म्हणाली, "मले इथंच राह्याचं हाय. खरादाजवळ." माझ्या दृष्टीने विषय तेथेच मिटला. या कागदात पुढे जे काही आहे ते तिचे हे वाक्य राखण्यासाठी आहे.

कलम दुसरे. शेडीतला पायाने चालवायचा खराद पुष्पाला देत आहे. मंडळ त्यावर हक्क सांगेल, म्हणून त्याची हकीकत नोंदवते.

हा खराद भाऊराव इंगळे यांचा. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात जन्म घालवून ते पेन्शनीवर नांदुऱ्याला आले आणि येताना खराद घेऊन आले. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. गावोगाव मंडळे निघत होती, कोणी व्यायामाचे, कोणी नाटकाचे. इंद्रभान भाऊजींना कोणत्या तरी मंडळाचे अध्यक्ष व्हायचेच होते आणि बाकीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांनी भाऊरावांना गाठले आणि खराद मंडळ काढले. सभासदांत दोन अडते, एक मास्तर, एक कंपाउंडर. जागा नव्हती. माझी शेड मी देऊ केली; भाडे नको, फक्त मला सभासद करा, असे मी म्हणाले. त्यावर सभा बसली. बाईमाणूस सभासद होऊ शकते की नाही यावर त्यांनी तीन बैठका घातल्या, तिन्ही माझ्याच शेडीत आणि माझ्याच चहावर. अखेर मला 'स्त्री निमंत्रित' केले. माझ्याच शेडीत मी निमंत्रित.

मंडळाने पहिले वर्ष घटना लिहिण्यात घालवले, दुसरे शिक्का करवून आणण्यात. दरम्यान भाऊराव शिकवत होते आणि शिकायला रोज मी एकटीच होते. अडत्यांचे पाय दोन मिनिटांत भरून येत. मला शिवणयंत्राची सवय, पायाची लय आधीच बसलेली. तरी माझा पहिला वाडगा कोरता कोरता बुडातून आरपार गेला. भाऊराव तो डोळ्याला लावून माझ्याकडे पाहत म्हणाले, "बाई, इथून नांदुरा स्टेशन साफ दिसते." मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी उजाडताच जाऊन बसले. बाहेरून गोल करणे कोणालाही येते. आतून पोखरताना हत्यार दिसत नाही, नुसते ऐकू येते, आणि बूड जवळ आले की आवाज बारीक होतो. हे त्यांनी मला शिकवले. मुलीकडे भुसावळला कायमचे राहायला जाताना त्यांनी खराद मला दिला, आणि दिला तोही मंडळाच्या सभेत, सगळ्यांसमक्ष. अध्यक्षांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना वाटले भाषण संपले.

कलम तिसरे. नांदुरा हौशी खराद मंडळास मी मंडळाची स्वतःची तीन हत्यारे परत देत आहे. ती माझ्या भिंतीला टांगलेली आहेत आणि एखाद्या भाल्यासारखी सरळ आहेत. ती सरळ कशी झाली हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे.

आतून कोरायची हत्यारे नीट निवडावी लागतात. भाऊरावांनी मुंबईच्या एका दुकानाला लिहून तीन मागवली आणि पार्सल येण्याच्या सुमारासच त्यांना मुलीच्या बाळंतपणासाठी भुसावळला जावे लागले. पेटी अध्यक्षांच्या हस्ते फुटली. नारळ फुटला, मग पेटी फुटली. भाऊजींनी पहिले हत्यार काढले आणि त्यांचा चेहरा पडला. टोक वाकडे. दुसरे काढले, तेही वाकडे. तिसरे तर बगळ्याच्या मानेसारखे.

"अरे बापा! माल वाकला नं गाडीत!"

मी म्हणाले, "भाऊजी, तिन्ही इतकी सफाईनं कशी वाकली? अपघात एवढा नीटनेटका असते काय?"

"वहिनी, तुम्हाले काय समजते त्यातलं? पोलाद हाय ते, भाकर नोहे."

मास्तरांनी माझ्याकडे दयेने पाहिले. सभा झाली, 'मार्गात वाकलेला माल पूर्ववत करण्यात यावा' असा ठराव झाला, आणि चौघेजण पेटी घेऊन नजीर लोहाराच्या भात्यावर गेले. काय झाले ते नजीरभाईंनीच मला सांगितले. त्यांनी विचारले होते, "सीधा करू? पक्कं? बाद में माझ्या नावानं ओरडायचं नाही." अध्यक्ष म्हणाले, "सुतासारखं सरळ पाहिजे." नजीरभाईंनी ती लाल करून सुतासारखी सरळ केली. कामात खोट काढायला जागा ठेवली नाही. मंडळाने त्यांचा शाल देऊन सत्कार केला.

भाऊराव भुसावळहून आले, भिंतीकडे पाहिले आणि मटकन खाली बसले. आधी वाटले रडतात, पण ते हसत होते. म्हणाले, "अध्यक्षसाहेब, गडवा आतून घासाचा असला तर हात वाकडा करा लागते का नाही? का सरळ हातानं घासता?" अध्यक्षांनी आयुष्यात गडवा काय, कोणताच तांब्या घासलेला नव्हता. पण ठराव झालेला होता आणि झालेला ठराव मागे घेतला तर मंडळाची अब्रू जाते, असे त्यांचे मत पडले. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्या तीन सरळ सळयांना हळदकुंकू लागते आणि अध्यक्ष त्यांच्यापुढे हात जोडतात. हा देव मी मंडळाला परत करते. पुष्पाच्या भिंतीला त्याचे ओझे नको.

कलम चौथे. मी वापरते ती कोरायची तीन हत्यारे, विळी, गळ आणि बगळा, पुष्पाला. ही नजीरभाईंनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून घडवून दिली. पहिले घडवले ते पहिल्याच दिवशी काचेसारखे तुटले. ते म्हणाले, "बाई, हात तुमचा जड." मी म्हणाले, "नजीरभाई, पोलादाला पाणी तुम्ही कडक पाजलं." दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते दुसरे हत्यार घेऊन आले आणि हात माझाच जड होता असे पुन्हा सांगून गेले. ते दुसरे अजून चालते आहे.

पुष्पे, तुला यातले सगळे येते, तरी लिहिते. काठवटीसारखे तोंड उघडे असेल तर आखूड 'विळी' घे. करंड्याला 'गळ' घे, कारण करंड्याचे तोंड लहान आणि पोट मोठे. खोल भांड्यालाच 'बगळा' लाव, आणि तेव्हा दांडी काखेत घट्ट धर. हत्याराला आधार देणाऱ्या टेकणापासून टोक जितके लांब आत जाईल तितके ते हाताला झटके देते. हत्यार निवडताना भांड्याचे पोट पाहावे. मंडळातले सगळे येऊन आधी बगळ्यालाच हात घालत. लांब हत्यार हाती आले की पुरुषमाणसाला आपण लढाईला निघालो असे वाटते, मग समोर हळदकुंकवाची डबी का असेना.

आणि आणखी एक. सहदेव गेल्यावर तू चार महिने तोंडातून शब्द काढला नाहीस. मी माझे रडू घेऊन शेडीत जात होते, तुझे कोणाजवळ न्यायचे ते तुला माहीत नव्हते. एके दुपारी तू दारात येऊन उभी राहिलीस आणि मी तुला काही न विचारता खरादावर पाय ठेवायला लावला. त्या दिवशी तू बोललीस. म्हणालीस, "आई, हे लाकूड थरथर करते." मला सहदेव परत मिळाला नाही, पण त्या दुपारी तू मिळालीस. तुझा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे. मी हे तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही, माझा स्वभाव तसा नाही. माझी माया आहे तुझ्यावर, पोरी, पोटच्या लेकीसारखी. ही मी सरकारी कागदावर लिहीत आहे, तेव्हा ती कोणाला खोडता येणार नाही.

कलम पाचवे. धाकट्या जाऊबाई आशाबाई यांना झाकणाचा हळदूच्या लाकडाचा करंडा देत आहे. अट एकच: हा कोकिळाबाईने केला, असे त्यांनी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगावे. अट मोडल्यास करंडा पुष्पाकडे परत यावा.

अटीचे कारण असे. मंडळातर्फे संक्रांतीला सवाष्णींना करंडे वाटायचे ठरले. कोरायचे कोणी? मंडळाच्या सळया सरळ. सगळे करंडे मी केले. वाण वाटताना आशाबाईंनी सांगितले, "आमच्या घरच्यांनी केले." हळदीकुंकवाला मला बोलावणे अर्थातच नव्हते, मी भिंतीपलीकडे शेंगा फोडत बसले होते आणि सगळे ऐकत होते. पुढे एका बाईने लेकीच्या लग्नासाठी अध्यक्षांकडे करंडा मागितला. अध्यक्ष मागच्या दाराने माझ्याकडे आले. "वहिनी, इज्जतीचा सवाल हाय. एक करून द्या नं." मी करून दिला. त्या पोरीचा काय दोष?

पण दुसऱ्या दिवशी मी पुष्पाकडून पाटी लिहून घेतली, 'करंडे येथे मिळतात', आणि शेडीवर लावली. गावात गलका झाला. कोणी म्हणाले, बेवेच्या हातचा कुंकवाचा करंडा? अपशकुन! काहींनी संक्रांतीचे करंडे माझ्या पायरीवर आणून ठेवले. त्यांत आता माझे जिरे, मोहरी आणि ओवा असतो आणि फोडणीला कोणताही अपशकुन झालेला नाही. बाकीच्यांनी करंडे ठेवून घेतले, आणि हळूहळू मागच्या दाराने नवे मागायला येऊ लागल्या. मी त्यांना पुढच्या दाराने यायला लावले. माझ्या कपाळाचे कुंकू गेले ते देवाच्या मर्जीने. कुंकवाला घर करून देऊ नये असे देवाने मला काही कळवलेले नाही, आणि अध्यक्षांच्या ठरावाला मी देव मानत नाही.

कलम सहावे. माझ्या शेडीत अध्यक्ष ज्या हातांच्या खुर्चीवर बसतात ती खुर्ची माझ्या घरची आहे. ती मी इंद्रभान भाऊजींना देत आहे. शेड देत नाही. खुर्ची हलकी आहे; ती जेथे ठेवतील तेथे मंडळ भरेल.

कलम सातवे. माझ्या तेराव्याला मंडळाने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर पुष्पाच्या चहावर घेऊ नये.

आता साक्षीदारांविषयी. हे मृत्युपत्र उद्या उघडले की पहिला आक्षेप कोणता येणार हे मला आजच ठाऊक आहे: बाई वेडी होती, तिला लिहिलेले कळत नव्हते. मी उकंडरावांना विचारले, याला काय उपाय? ते म्हणाले, बाई शुद्धीवर होती असे सांगणारा साक्षीदार असा हवा की ज्याचा शब्द आक्षेप घेणाऱ्याला नाकारता येणार नाही. साक्षीदाराने आतला मजकूर वाचलाच पाहिजे असे कायद्यात नाही. सही करताना मला पाहावे, शुद्धीवर आहे हे पाहावे, आणि माझ्यासमोर सही करावी, एवढे पुरे.

नजीरभाई आलेले आहेत. त्यांना मी सगळे वाचून दाखवले. लोहारकामाच्या भागापाशी त्यांनी हात वर केला आणि "हात जडच होता" असे नोंदवायला सांगितले. नोंदवले.

दुसरे साक्षीदार ओसरीवर बसून पुष्पाने केलेले पोहे खात आहेत. घरातला कर्ता पुरुष साक्षीला हवा, असा मी निरोप पाठवला होता. आल्याबरोबर त्यांनी विचारले, "वहिनी, मंडळाचं नाव हाय नं त्यात?" मी म्हणाले, "हाव, हाय." "आन् माह्यं?" "तुमचंही हाय भाऊजी. जागोजागी." त्यांचे समाधान झाले. खोटे मी एक अक्षर बोललेले नाही. वाचायला कागद मागितला असता तर मी दिला असता. त्यांनी शिक्क्याची शाई मागितली.

पुढच्या पानावर फक्त सह्या आहेत. साक्षीची ओळ ज्याने त्याने आपल्या अक्षरात, आपल्या मनाने लिहायची. भाऊजींसाठी मी जागा मोठी सोडली आहे.

नांदुरा, दिनांक १८ नोव्हेंबर १९६७

लिहून देणार: कोकिळाबाई बेवा उत्तमराव खर्चे

साक्षीदार पहिले: बाईंनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण होशमध्ये आहेत. भांडल्या पण. नजीर वल्द फकीर मोहम्मद, लोहार, नांदुरा.

साक्षीदार दुसरे: मी खाली सही करणार असे लिहून देतो की, श्रीमती कोकिळाबाई या माझ्या सख्ख्या वहिनी असून त्यांनी आज रोजी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. मी त्यांना चाळीस वर्षांपासून ओळखतो. त्या पूर्णपणे शुद्धीवर आहेत. त्यांच्या डोक्यात कसलाही बिघाड नाही, उलट आमच्या संपूर्ण घराण्यात एवढे तल्लख डोके दुसऱ्या कोणाचेही नाही, व त्यांनी या कागदात जे काही लिहिले आहे ते पूर्ण विचारांती लिहिले आहे, याबद्दल माझी खात्री आहे. पुढे कोणीही याविरुद्ध बोलल्यास तो खोटा समजावा. इंद्रभान गणपतराव खर्चे, संस्थापक-अध्यक्ष, नांदुरा हौशी खराद मंडळ. (शिक्का)